मागची हजेरी

एकोणीस वर्षं मी पाहुणी आहे. आमच्या मध्य प्रदेशात सरकारी कॉलेजात पक्क्या जागेवर नसलेल्या शिक्षकाला 'अतिथी विद्वान' म्हणतात. नाव ऐकून बाहेरच्याला वाटावं, आम्हाला ओवाळायला दारात कोणी ताट घेऊन उभं असेल. ओवाळणं राहू द्या, स्टाफरूममध्ये ज्या खुर्चीचा पाय हलतो ती आमची. आणि एकोणीस वर्षं कोणी पाहुणं राहतं का कुठं? आमच्या घरी तिसऱ्या दिवशी पाहुण्याला मेथी निवडायला बसवतात.

मी रसायनशास्त्र शिकवते. कॉलेज जबलपुरातलंच आहे. कोणतं ते सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक म्हणतात, हां, ते कॉलेज तर तसंच आहे, आणि बाकीची सगळी सुटतात.

वर्ग जुलैत सुरू होतात आणि माझी नेमणुकीची ऑर्डर येते ऑक्टोबरात. मधल्या काळात भोपाळला फाइल फिरत असते. आधी पैसा मंजूर व्हायचा, मग रिकाम्या जागांची यादी निघायची, मग पोर्टल उघडायचं, मग आमची नावं चढायची. तीच जागा, तेच कॉलेज, तीच मी; तरी दरवर्षी नव्याने सिद्ध करायचं की मी एम.एस्सी. आहे आणि जिवंत आहे. ज्या वर्षी सरकारचा हात आखडलेला असतो त्या वर्षी दिवाळीही उलटून जाते. तोवर आमच्या विभागात शिकवायला कोणी म्हणजे कोणी नसतं. पक्क्या जागा दोन आहेत, दोन्ही कागदावर. एक सर निवृत्त झाले, दुसऱ्यांची बदली झाली, आणि त्यांच्या नावाच्या पाट्या अजून दारावर आहेत. पोरं येतात, पाटी वाचतात, कुलूप बघतात आणि परत जातात.

मी ह्याच कॉलेजात शिकले, म्हणून जास्त जळते. आमच्या वेळी दोन्ही सर होते, प्रयोगशाळेत एक मामा होते, बर्नरला गॅस होता आणि ब्यूरेट प्रत्येकाला एक मिळायची. आता आठ पोरांत एक मिळते आणि तिचीही तोटी गळते. माझ्याबरोबर शिकलेली जवळजवळ सगळी मुलं पदवी घेऊनच बाहेर पडली. आम्ही काही फार हुशार होतो अशातला भाग नाही. एक जण तर दोनदा नापास झाला आणि तिसऱ्यांदा पुन्हा बसला. त्याचे वडील खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात पक्क्या नोकरीत होते, क्वार्टर होतं, महिन्याच्या महिन्याला पगार येत होता, आणि त्या घराला पोराचं एखाद-दुसरं वर्ष वाया गेलेलं झेपत होतं. आता असं जास्तीचं वर्ष कोणाच्या घरात पडलंय? आता बाप ठेकेदाराकडे कामाला असतो आणि ठेकेदार सोमवारी सांगतो की मंगळवारी येऊ नको. मला त्यासाठी पेपर वाचावा लागत नाही. वर्गातली मागची दोन बाकं रिकामी झाली की मी समजते, कुठंतरी माणसं कमी केली.

तर आता मागची हजेरी म्हणजे काय ते सांगते. ऑक्टोबरात आम्ही कामावर हजर झालो की बडे बाबू, म्हणजे ऑफिसातले हेडक्लार्क, हातात रजिस्टर ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, पीछे का भर दीजिए. म्हणजे जुलैपासून आजपर्यंत जे वर्ग झालेच नाहीत त्या सगळ्या वर्गांची हजेरी भरायची. आमच्याकडे हे काम इतकं रुळलं आहे की त्याचीही एक रीत पडून गेली. आमचे एक अतिथी सर, भौतिकशास्त्राचे, ह्या कामासाठी तीन पेनं ठेवतात. एक जुलैचं, एक ऑगस्टचं, एक सप्टेंबरचं. सगळं एका बैठकीत लिहिलंय असं दिसू नये म्हणून. मधेमधे दोन-चार गैरहजऱ्या पेरायच्या, त्यासुद्धा पावसाच्या दिवशी. एकदा कोणीतरी रक्षाबंधनाला आख्खा वर्ग हजर दाखवला होता, तेव्हापासून भिंतीवरचं कॅलेंडर काढून शेजारी घेऊन बसतात.

ह्यात कोणाचा काही वाईट हेतू नसतो, हेही सांगून टाकते. हजेरी भरली नाही तर पोरांना परीक्षेला बसता येत नाही, स्कॉलरशिप अडते. मास्तर आला नाही ही पोरांची चूक नव्हे, म्हणून मास्तरच खोटं लिहितो. मीही वर्षानुवर्षं लिहिलं. कॅलेंडर मांडीवर घेऊन, चहा पीत, गप्पा मारत लिहिलं.

मग एका उन्हाळ्यात वरून एक पथक आलं. कोणत्या विभागात किती जागा लागतात ते बघायला. मला वाटलं, चला, आता तरी काही होईल. त्यातल्या साहेबांनी आमचं रजिस्टर मागितलं, जुलैपासून पानं उलटली आणि म्हणाले की इथं तर वर्ग नियमित चालू आहेत, पढ़ाई तो हो ही रही है, मग जागेची घाई कशाला? मी समोरच उभी होते. अक्षर माझंच होतं. त्या दिवशी माझ्या टाळक्यात उजेड पडला की आमच्या जागा आम्हीच खाऊन राहिलोत. वरचे पैसे देत नाहीत, आम्ही ते झाकतो, आणि झाकलेलं बघून ते म्हणतात, छान चाललंय. घरी येऊन मी दोन दिवस भांडी आपटत होते. नवरा म्हणाला, काहून एवढी चिडतेस, तुझ्या एकटीने काय होणार आहे? त्याला सरकारात पक्की नोकरी आहे, त्याला राग पुढच्या महिन्यावर ढकलता येतो.

पुढच्या ऑक्टोबरात रजिस्टर हातात आलं तेव्हा मी लाल पेन काढलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'शिक्षक नहीं'. तीन पेनांचे सर माझ्या खुर्चीपाशी येऊन हात जोडायचेच बाकी होते. बडे बाबूंनी रजिस्टर उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, मॅडम, पंगा मत लीजिए. मी म्हटलं, घेतला. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण नाही. वर्गात जाऊन मी भाषण दिलं, हो, भाषणच. की खोटी हजेरी म्हणजे तुमच्याच ताटातलं काढून घेणं, की आजपासून ह्या वर्गात खोटं काही लिहिलं जाणार नाही, ना मी लिहीन, ना तुम्ही लिहा. पोरं माना हलवत होती. मास्तर बोलत असला की पोरं माना हलवतातच.

पहिल्या बाकावरची एक मुलगी मात्र मान हलवत नव्हती, नुसती ऐकत होती. तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिचंच आहे.

ती घमापुरची. घरचे मूळ वर्ध्याकडचे, आजोबा कामाला म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. मराठी तिला समजायची पूर्ण, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदीत उतरायची. वडील खमरियाकडे ठेकेदाराच्या कामावर होते. त्या कामातून माणसं कमी केली त्यात त्यांचा नंबर लागला, आणि तेव्हापासून ते मिळेल ते करत होते. मुलगी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात एका साडीच्या दुकानात लागली होती. एरवी संध्याकाळी, आणि लग्नसराईत मालक म्हणेल तेव्हा. त्यामुळे बाकीच्या विषयांचे तास तिचे बुडायचे. माझा एकही बुडला नाही. दुकानातून तशीच यायची, ओढणीला पिना टोचलेल्या असायच्या, त्या काढत काढत वहीत उतरवून घ्यायची.

हुशार होती का? तिनं एकदा मला विचारलं की टायट्रेशनमध्ये गुलाबी रंग आला की आपण थांबतो, पण फ्लास्क तसाच ठेवला तर थोड्या वेळाने रंग उडून जातो, तो काहून? हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो म्हणून. साधं उत्तर आहे. पण एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता, सगळे रीडिंग लिहून फ्लास्क धुवायला पळतात. त्या दिवशी मला वाटलं, हिला प्रयोगशाळेत नाही तर कुठं ठेवायचं?

आणि तशी जागाही ठरली होती. शहराबाहेरच्या एका डेअरीत दूध तपासायच्या खोलीत माणूस हवा होता. तिथल्या बाईंनी तिला साफ सांगितलं होतं, जूनमध्ये बी.एस्सी. पास दाखव आणि जुलैत कामावर ये. साडीच्या दुकानापेक्षा पगार चांगला, वर पीएफ. वडिलांचं काम गेलं तेव्हा तिचं एक वर्ष आधीच बुडालं होतं. दुसरं बुडालं तर डेअरी थांबणार नव्हती आणि घरही थांबणार नव्हतं. हे ती मला एकदा सहज सांगून गेली, ब्यूरेट धुता धुता. मी म्हटलं, अगं, तू कशाला बुडतेस?

फेब्रुवारीत परीक्षेला बसू शकणाऱ्यांची यादी लागली आणि तीत तिचं नाव नव्हतं.

झालं असं की हजेरी आता कॉम्प्युटरवर चढवतात. चढवणारा ऑपरेटर, तोही कंत्राटावरच, भला माणूस. पण त्याच्या समोरच्या चौकटीत दोनच अक्षरं बसतात, हजर किंवा गैरहजर. शिक्षक नव्हता, ह्यासाठी सरकारने बटणच ठेवलेलं नाही. माझी लाल रेघ बघून त्याने दोन दिवस वाट पाहिली, कोणाला तरी विचारलं, आणि मग तिन्ही महिने सगळ्यांना गैरहजर टाकून दिलं. मला कोणी काही बोललं नाही आणि मीही जाऊन बघितलं नाही. लाल पेनाने लिहून झालं म्हणजे काम झालं असं मी धरून चालले होते.

बाकी वर्ग वाचला. हजेरी सगळ्या विषयांची मिळून धरतात, आणि दुसऱ्या विषयांत तीन पेनांनी भरलेले महिने होते ना. अडकले फक्त पाच जण, ज्यांचे ऑक्टोबरनंतर बाकीच्या विषयांचे तासही बुडत होते. चार मुलं आणि ही. आणि हे पाच जण कोण होते? पाचही जण कुठं ना कुठं कामाला जाणारे. एक गॅरेजवर, एक मेडिकलच्या दुकानात, दोघं घरोघर पार्सल पोचवणारे, आणि ही साड्यांवर. ज्यांचे बाप फी भरून पोराला घरी बसवू शकतात, त्यांच्या हजेरीला काही धक्का लागला नाही. चीड येणार नाही तर काय होईल?

आता ह्यावरही आमच्याकडे रीत आहेच. आजारी होतो असं डॉक्टरचं प्रमाणपत्र आणायचं, की हजेरीत सूट मिळते. गल्लीतला डॉक्टर लिहून देतो. चारही मुलांनी दोन दिवसांत टायफॉइड आणला. ही माझ्याकडे आली. कॉरिडॉरमध्ये, खिडकीपाशी आम्ही उभ्या होतो.

"मॅडम, मम्मी म्हणते सर्टिफिकेट घेऊन ये. पण मी तर बीमार नव्हते. मी रोज येत होते, दार बंद असायचं."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं."

"तुम्हीच म्हणाल्या होत्या, ह्या वर्गात खोटं लिहायचं नाही."

आणि मी काय केलं असेल? मी तिच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या शिकवण्याचं हे फळ माझ्यासमोर उभं आहे. मी तिला म्हटलं, सर्टिफिकेट आणायची काही गरज नाही, मी बघते, मी भांडते. ती 'जी' म्हणाली आणि दुकानात गेली. आज हे लिहिताना मला त्या थापेची लाज वाटते. एका वाक्याचं काम होतं, जा बाई, आण ते सर्टिफिकेट. तेवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

मग मी भांडले. मनापासून भांडले. प्राचार्यांकडे गेले, ते प्रभारी, म्हणजे तेही उसनेच. त्यांनी सुटकेचा रस्ता काढून दिला. मी एक कागद लिहून द्यायचा, की वर्ग झाले होते, हजेरी चढवायची माझ्याकडून राहिली. तेवढ्यावर ते शिफारस करणार होते. मी म्हटलं, सर, जुलैत तर मी कामावरच नव्हते, वर्ग घेतले कोणी, भुताने? ते म्हणाले, मॅडम, मुलीचं बघा. मला त्यात धमकी दिसली, दया दिसलीच नाही. मी पाय आपटत बाहेर आले.

विश्वविद्यालयात गेले. एका खिडकीवरून दुसरीवर, दुसरीवरून जिन्यापलीकडच्या तिसरीवर. प्रत्येक ठिकाणी मी पहिल्यापासून सांगायची, जागा रिकामी आहे, ऑर्डर उशिरा येते, चौकटीत तिसरं अक्षर हवं. खिडकीतला माणूस ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, प्राचार्यांमार्फत पाठवा. मी तीन अर्ज लिहिले. इतके छान अर्ज की नवऱ्याने एक वाचला आणि म्हणाला, छापायला दे. मग म्हणाला, "अगं पण ती पोरगी परीक्षेला बसणार कशी? तू तो कागद देऊन टाक ना." मी त्याला म्हटलं, तुला नाही कळणार. खरंच असं म्हणाले मी.

हजेरी दुरुस्त करून घ्यायची शेवटची तारीख शनिवारी होती. शनिवारीच मला एका मोठ्या अधिकाऱ्याने आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. सगळं ऐकून म्हणाला, आपकी बात सौ टका सही है, हे वर कळवायला पाहिजे. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा सरकारी चहा मिळाला आणि मी तेवढ्यावर विरघळले. रिक्षाने घरी येताना मला वाटत होतं, जिंकले. सोमवारी त्याच अधिकाऱ्याकडे फोन केला तर साहेब रजेवर होते. मी धावत कॉलेजात गेले आणि प्राचार्यांनी सांगितला होता तो कागद, त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेनाने लिहून दिला. वर्ग झाले होते, हजेरी चढवायची माझ्याकडून राहिली. प्राचार्यांनी तो वाचला आणि ऑपरेटरला बोलावलं. पोर्टल शनिवारी संध्याकाळीच बंद झालं होतं.

टायफॉइडवाली चारही मुलं परीक्षेला बसली. चारही पास झाली, देव त्यांचं भलं करो, त्यांच्यावर माझा राग नाही. ती बसली नाही.

उन्हाळ्यात मी बड्या फुहाऱ्यावर गेले. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, लग्नाचे दिवस. माझ्या पिशवीत 'भूतपूर्व विद्यार्थी' म्हणून परीक्षेला बसायचा फॉर्म होता, फी मी भरूनच आणली होती. ती गादीवर बसून गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवत होती. आता पूर्ण दिवस तिथंच. मला बघून उठली, पाणी आणलं, मालकाला म्हणाली, माझ्या मॅडम आहेत. मी फॉर्म काढला. तिने तो नीट वाचला, दोन्ही बाजूंनी, आणि बोट ठेवून दाखवलं की प्रात्यक्षिकं पुन्हा करावी लागतात, तीन आठवडे, दुपारी. दुपारची सुट्टी मालक देणार नव्हता. डेअरीत दुसरी मुलगी लागली होती. वडिलांच्या हाताला अजून काम नव्हतं. हे सगळं ती दुकानातला भाव सांगावा तसं सांगत गेली.

मी म्हटलं, मी मालकाशी बोलते. मी म्हटलं, घरी येऊन तुझ्या आईशी बोलते. मी म्हटलं, माझं चुकलं, मी तो कागद आधीच द्यायला पाहिजे होता. तिने फॉर्म घडी करून माझ्या हातात परत दिला.

"तुम्ही गलत नव्हत्या, मॅडम. खरं लिहिणं तुम्हाला परवडतं. मला नाही परवडत, हे मला तेव्हा समजायला पाहिजे होतं."

रागाने म्हणाली असती तर मी काही तरी बोलले असते. रागाला उत्तर द्यायची मला सवय आहे. मी विचारलं, धाकट्या बहिणीचं काय, ती बारावी झाली ना? तिला ह्या वर्षी कॉलेजात घालत नाहीत, म्हणाली. मम्मी म्हणते, मोठी तीन वर्षं कॉलेजात गेली आणि शेवटी दुकानातच येऊन बसली. मग गिऱ्हाइकाने हाक मारली आणि ती गादीवर परत गेली.

मी कोणावर चिडायचं, सांगा. भोपाळवर? चिडतेच. जुलैत उघडायची शाळा ऑक्टोबरात मास्तर देऊन चालवतात आणि मग विचारतात, पदवी पूर्ण करणारे इतके कमी का? अरे, पैसे वेळेवर द्या ना, तुम्हाला सगळी उत्तरं बिनपैशाची हवीत. पण त्या यादीत मी माझंही नाव घालते. दुसऱ्याच्या घरात झेपणार नाही एवढा खरेपणा मी तिच्या डोक्यावर ठेवला. मला घरी नवऱ्याचा पगार आहे. ऑर्डर नाही आली तर मी चार महिने घरी बसून पापड लाटीन आणि तक्रार करीन. तिच्याकडे एक वर्ष होतं, तेवढंच, आणि ते माझ्या अर्जांत गेलं.

ह्या वर्षी माझी ऑर्डर दिवाळीनंतर आली. आल्या आल्या प्राचार्यांनी एक काम दिलं. वरून तक्ता आला होता, ज्यांनी पदवी अर्धवट सोडली त्यांच्या नावापुढे कारण भरा. कारणं तयार होती, त्यातलं एक निवडायचं. विवाह, आजारपण, स्थलांतर, अरुची, इतर. तिच्या नावापुढे मी 'इतर' निवडलं आणि ऑपरेटरला शेजारी बसवून लिहायला लावलं, की तीन महिने विषयाला शिक्षक नव्हता, आणि शिक्षिकेने हजेरीचा कागद वेळेत लिहून दिला नाही. त्याने हात थांबवला आणि विचारलं की मॅडम, गलती कोणाची लिहायची? मी म्हटलं, दोघांची. आधी सरकारची, मग माझी.

चार दिवसांनी छापील यादी सहीला आली. तिच्या नावापुढे 'अरुची' लिहिलं होतं. कोणी बदललं, विचारून फिरले, कोणी सांगितलं नाही. मी सही केली नाही. यादी माझ्या सहीवाचून अडली नाही, त्याच दुपारी भोपाळला गेली.